ऋण, काटकसर आणि घरातील वही

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातील गाव. येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन वा कापूस विकल्यावर. खर्च मात्र रोजचा असतो. मधले अंतर उधारीने भरून निघते. अशा घराला काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारला पाहिजे.

1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. लग्नातील उधळपट्टीमुळे कुणबी बुडतो, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगास मात्र निराळे दिसले. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार केलेली लहान-लहान उचलच कर्ज अधिक वाढवीत होती. म्हणून ऋणको तेवढा उधळ्या, असे म्हणणे अन्यायाचे आहे. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, तीत बुलढाणाही होता. पाऊस आणि बाजारभाव हे काही वहीत हिशेब लिहिल्याने बदलत नाहीत.

मग वही कशासाठी? जे आपल्या हाती आहे ते ओळखण्यासाठी. समजा, 20,000 रुपये दरमहा शेकडा तीन दराने घेतले. महिन्याचे व्याजच 600 रुपये होते. तेवढेच देत राहिलो तर मुद्दल जन्मभर तसेच राहील. दरमहा 1,000 दिले तर फेडीस 31 महिने लागतात. 1,500 दिले तर 18 महिने पुरतात. रोजच्या खर्चातून वाचविलेले 500 रुपये घराला एका वर्षाहून अधिक काळाची मोकळीक देतात. हे पाचशे कोठून निघतील, हे आठवणीला विचारून कळत नाही, लिहिल्यावरच कळते.

पण लिहिताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. बियाण्यासाठी काढलेले कर्ज आणि शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव घालण्यासाठी काढलेले कर्ज, यांवर सावकार व्याज सारखेच लावतो. आपल्या विवेकाने मात्र त्यांत भेद करावयास हवा. ऋण काढून सण करू नये, असे आपण म्हणतो आणि ज्याने साधेपणाने लग्न केले त्याच्या मांडवातून बाहेर पडताना नाके मुरडतो. त्याच्या कर्जात आपल्या जिभेचाही वाटा असतो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला, तो लूकच्या शुभवर्तमानात आहे. पण हा अंदाज घेण्याचे धैर्य माणसास एकट्याने क्वचितच येते. वसईत 1918 साली फादर मोनीस यांनी कॅथॉलिकांची पतसंस्था उभारली. तिची पुढे बँक झाली. आज गावोगावचे महिला बचत गटही हेच शिकवितात की, शिस्त सोबतीने टिकते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. वही घरात सर्वांसमोर उघडी असावी. पत्नीपासून लपविलेले कर्ज व्याजापेक्षा वेगाने वाढते, आणि ते एकट्याने वाहणारा माणूस एखाद्या रात्री खचतो. आकडा कितीही मोठा असो, तो घरच्यांसमोर मोठ्याने वाचला गेला की त्याचा भार वाटला जातो. काटकसरीची सुरुवात पैसा वाचविण्याच्याही आधी, या खरे बोलण्यापासून व्हावी.