मुठीवरचा शिक्रा

सूर्यमाळच्या पठारावर शिक्रा सरडा उचलतो, तेव्हा पाप-पुण्याचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. पारव्याएवढा हा पक्षी. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. झाडाच्या पानोळ्यात दबा धरून बसतो आणि खाली काही हलले की सुटतो. त्याच्या हाकेची नक्कल कोतवाल इतकी बेमालूम करतो की बाकीची पाखरे फसतात. शिक्रा मारतो, खातो, पोट भरले की गप्प बसतो. त्याला कोणी हिंसक म्हणून दोष देत नाही.

हाच शिक्रा माणसाच्या मुठीवर आला की मात्र अडचण उभी राहते. तितर मारला कोणी? झडप घालणाऱ्या पक्ष्याने, की त्याला सोडणाऱ्या हाताने?

शिकारी पक्ष्यांना शिकवण्याची विद्या आपल्याकडे चांगली जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे मराठी मुलखाला लागून असलेले आजचे बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे श्येन (ससाणा, बाज) सोडून शिकार करवण्यालाही, जागा आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना होताच. पण या विद्येवर सगळ्यात विचारपूर्वक लिहिले ते कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने, ‘श्यैनिकशास्त्र’ या ग्रंथात. हरप्रसाद शास्त्री यांनी तो 1910 मध्ये छापून आणला. त्यात शिकारी पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे आणि पिवळसर-तांबूस डोळ्यांचे असे दोन वर्ग आहेत, त्यांचा आहार आहे, आजार आहेत, औषधे आहेत. आश्चर्य वाटते ते ग्रंथाच्या सुरुवातीचे. पक्ष्यांकडे वळण्याआधी रुद्रदेव कर्म, भोग आणि व्यसन यांची चर्चा करतो. मृगया हे शास्त्रांनी व्यसनांत गणलेले आहे, मग ती करावी कशी, हे त्याला आधी सोडवायचे आहे. ज्याच्या मनाला हा प्रश्न बोचत नाही, तो इतकी बाजू मांडत नाही.

आता शिकवणे म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहायला हवे, कारण धर्माचा प्रश्न त्या तपशिलातच दडलेला आहे. कुत्रा माणसाच्या शब्दासाठी झटतो, त्याला धन्याची मर्जी हवी असते. ससाण्याला कोणाचीच मर्जी नको असते. मारून तो शिकत नाही, चुचकारून त्याला लळा लागत नाही. रानातून पकडलेला पक्षी पहिल्यांदा हातमोज्यावर बसवला की पंख झोडत उलटा लटकतो. त्याला पुन्हा उचलून बसवायचे, पुन्हा तो लटकतो. डोळ्यांवर कातडी टोपी चढवली की शांत होतो. जुन्या काळी टोपीऐवजी पापण्या दोऱ्याने शिवत आणि पक्षी सरावला की टाका हळूहळू सैल करत. मग माणसे, घोडे, कुत्री, दिवे यांच्या गलक्यात त्याला तासन्‌तास हातावर घेऊन हिंडायचे. रात्ररात्र जागायचे. अखेर एका क्षणी तो मान खाली घालून मुठीतल्या मांसाचा लचका तोडतो. तिथून पुढचे काम सोपे: आधी मोज्यावर एक उडी, मग पायाला लांब दोरी बांधून थोडी झेप, आणि एके दिवशी दोरी सोडायची.

दोरी सुटल्यावर तो परत का येतो? भुकेमुळे. आजचा शिकवणारा पक्षी रोज तराजूवर तोलतो आणि काही ग्रॅमांचाही फरक वहीत मांडतो. जुना बाजदार छातीच्या हाडावरून बोट फिरवायचा. हाड मांसात बुडालेले लागले तर पक्षी माजला, आज सोडला तर झाडावर जाऊन बसेल. हाड धारेसारखे लागले तर पक्षी खंगला, उडवू नये. या दोहोंमधली नेमकी भूक राखणे, हीच सारी विद्या.

तराजू आणि श्येन या दोन गोष्टी भारतीय परंपरेत फार आधीच एकत्र आल्या आहेत. महाभारताच्या वनपर्वात श्येनापासून कबुतराला वाचवणाऱ्या राजाची कथा दोनदा येते, एकदा राजा उशीनराची आणि एकदा त्याचा मुलगा शिबी याची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबी जातक रंगवलेले आहे आणि त्यात तराजूही आहे. कबुतर राजाच्या आश्रयाला येते, मागून श्येन येतो. कीर्तनात रंगतो तो राजाचा त्याग. पण कथेतला खरा पेच श्येनाच्या तोंडी आहे. तो राजाला सरळ विचारतो: माझे अन्न तू हिरावलेस, मी मेलो तर माझी बायकापोरे मरतील, एकाला वाचवताना इतक्यांना मारणारा हा कसला धर्म? राजा त्याला दुष्ट म्हणत नाही, पाला खा असेही सांगत नाही. त्याची भूक मान्य करतो आणि कबुतराच्या भाराइतके मांस स्वतःच्या अंगातून काढून, तराजूत तोलून देऊ लागतो.

शिबी श्येनाच्या भुकेची किंमत स्वतः मोजतो. बाजदार ती भूक घडवतो आणि वापरतो. दोघांच्याही हातात तराजू आहे, पण फरक मोठा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. श्येनाची झडप त्याची स्वतःची असली, तरी ती कधी, कुठे, कोणत्या तितरावर पडायची हे मुठीने ठरवले. म्हणून ती करवलेली हिंसा आहे. उत्तर भारतात छोटा शिक्रा तळहातात धरून सावजावर चक्क फेकत असत. तिथे तर शंकेला जागाच उरत नाही.

बाजदाराची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. पिंजऱ्यातला पोपट जन्मभर कोंडलेला राहतो. ससाणा मात्र प्रत्येक वेळी मोकळ्या आभाळात सुटतो आणि हवे तर निघून जाऊ शकतो. अरबस्तानात पूर्वी हंगाम संपला की पक्षी रानात सोडून देण्याची रीत होती. या कलेला 2010 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात स्थान दिले आणि 2021 पर्यंत त्यात 24 देश आले. भारत त्यांत नाही. इथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी पकडणे आणि पाळणे बंद केले. हा निर्णय योग्यच होता. निघून जाण्याची मोकळीक खरी असली, तरी आधी उपाशी ठेवून मग दिलेली मोकळीक ही पुरी मोकळीक नव्हे.

त्याच सूर्यमाळच्या आसपास, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, शिकारी प्राण्याशी वागण्याची दुसरी रीत आहे, आणि तत्त्वज्ञान म्हणून तिच्याकडे फार कमी पाहिले जाते. वारली लोक वाघोबाला पूजतात. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, वर सूर्य-चंद्र. वाघबारशीला त्याला मान द्यायचा, गुरे सांभाळ म्हणून सांगायचे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत 2018-19 मध्ये झालेल्या पाहणीत वाघोबाची 150 ठाणी नोंदवली गेली. वाघाची भूक इथेही मान्य आहे, पण तिचा लगाम कोणी हातात घेत नाही. करार होतो, चाकरी नाही.

आणि तरीही बाजदाराची विद्या वाया गेलेली नाही. पतंगाच्या मांज्याने पंख चिरलेली घार किंवा तारेवर आपटलेला शिक्रा बरा झाला, तरी त्याला लगेच सोडता येत नाही, कारण महिनाभर पडून स्नायू ढिले पडलेले असतात. तेव्हा तीच लांब दोरी पायाला बांधून त्याला रोज थोडे थोडे उडवतात, तोच तराजू, तीच वही. फक्त एक गोष्ट उलटी होते: माणसाची सवय लावायची नसते, लागू द्यायची नसते. पिल्लू असेल तर आडोशामागून भरवतात, कारण भरवणाऱ्या माणसालाच ते आपला जातभाई समजून बसले, तर पुढे जोडीही शोधत नाही आणि गलोल घेतलेल्या पोराच्या जवळही बिनधास्त जाऊन बसते.