पळणाऱ्याचे अन्न

देह नश्वर आहे, हे आमच्या श्रोत्यांना आता सांगावे लागत नाही; ऐकून ऐकून तोंडपाठ झाले आहे. पण नश्वर म्हणजे उपाशी ठेवण्याजोगा, असा अर्थ कोणी काढला कोण जाणे! सदाशिव पेठेत राहणाऱ्या आम्हांस तो अर्थ रोज रस्त्यावर पळताना दिसतो.

या पेठेत स्पर्धा परीक्षांची मुले खोल्या घेऊन राहतात. बहुतेक खेड्यांतली, कितीकांच्या घरी माळ आहे. फौजदारकीला धावणे, गोळाफेक यांचीही परीक्षा असते, म्हणून पहाटे पळायला जातात. जातात ती एका चहावर! दुपारी खानावळीचा एक डबा दोघांत. त्यांतल्या एकाला आम्ही विचारले, "अरे बाळा, एवढा पळतोस, खातोस काय?" तो म्हणाला, "बुवा, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिच्या पैशांचं दूध पिऊ? लाज वाटते."

हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्यात मातृभक्ती आहे. पण आईने पैसा धाडला तो कशाकरिता? लेकराने उभे राहावे म्हणून ना? त्या पैशांची पुस्तके घ्यायची आणि वाचणारा देह खंगू द्यायचा, म्हणजे गाडीच्या चाकाला वंगण घालून बैल उपाशी ठेवणे झाले. जी वस्तू दुसऱ्याच्या घामाने उभी आहे, ती झिजविण्याचा अधिकार आपला एकट्याचा नव्हे.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत व्यायाम सांगितला, तो सरसकट नाही. बलवान आणि स्निग्ध अन्न खाणाऱ्याने करावा, तोही अर्ध्या शक्तीने, थंडीत व वसंतात. एरवी त्याहून बेताने. म्हणजे अन्न आधी. पुढे तर व्यायामाच्या पंक्तीला तो जागरण, वाटचाल आणि बोलणे यांनाही बसवितो, आणि यांचा अतिरेक करणारा हत्ती ओढणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो म्हणतो. जागरण, चाल आणि बोलणे! वारकऱ्याने नि कीर्तनकाराने कान टोचून घ्यावेत असाच तो श्लोक. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीही अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही म्हटले आहे. आम्ही मंडळी मात्र पहिल्याला कीर्तनात झोडपतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात हार घालतो.

बरे, यासाठी डब्यातली महागडी पावडर नको. ज्वारीची भाकरी आणि पिठले घ्या. धान्याच्या प्रथिनांत जे उणे, ते डाळीने भरून निघते, असे आजचे आहारशास्त्र सांगते. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. पळण्याआधी एक केळे, परतल्यावर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गुळाचा खडा. जेवणावर लिंबू पिळावे. लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह पुरते अंगी लागत नाही.

ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात येतात, तेव्हा लोक केळी, लाडू घेऊन रस्त्यावर उभे असतात. चालणाऱ्याला अन्न लागते, हे तेव्हा कोणास शिकवावे लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या पळणाऱ्याची चौकशी मात्र भाड्याच्या तारखेलाच! घरात चार भाकरी थापताना पाचवी थापायला काय लागते?

एकादशीचे काय, असे कोणी विचारील. व्रत मोडू नये. त्या दिवशी पळू नये, चालावे. नुसत्या साबुदाण्यावर राहू नये, त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळे घ्यावीत. द्वादशीला पारणे पोटभर करावे आणि त्रयोदशीच्या पहाटे खुशाल पळावे.