गाडीचं पूर्वसंचित

मुंबईच्या वर्तमानपत्रांत जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती यायच्या, तेव्हा त्यांत एक शब्द हमखास असायचा: ‘पारशी-ओन्ड’. एवढं वाचलं की गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजायला तयार होई. दादरच्या पारशी कॉलनीत झाडाखाली उभी फियाट आणि सकाळी तिच्यावरची पानं झटकून, ओल्या फडक्यानं काच पुसून मगच चहाला बसणारे तिचे मालक, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असे. या माणसानं ऑइल वेळेवर बदललं असणार, गिअर टाकताना क्लच पूर्ण दाबला असणार, गाडी कुणाच्या वरातीला उसनी दिली नसणार. जास्तीचे पैसे मोजले जात ते या वागणुकीचे. माणसाचं वागणं लोखंडात उतरतं, मुरतं आणि पुढच्या मालकाच्या पदरी पडतं, अशी ती साधी श्रद्धा होती. कर्मसिद्धान्त याहून फार वेगळं काय सांगतो?

आता हा बाजार मोबाइलवर आला आहे, आणि इटलीची गाडी म्हणजे फियाट हे समीकरणही उरलेलं नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांच्या पार्किंगच्या मजल्यांवर फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती दिसू लागल्या. त्याच रस्त्यावरच्या चाळीत रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एखादा तरुण त्याच गाड्यांचे फोटो अंगठ्यानं सरकवत असतो. काही वर्षं वापरलेली मासेराती नव्याच्या निम्म्या किमतीतही मिळून जाते. तिच्या नाकावरचा त्रिशूळ बोलोन्या शहरातल्या नेपच्यूनच्या कारंज्यावरून घेतलेला आहे. आपल्याकडे तो बघून आधी शंकर आठवतो. जाहिरातीतले शब्द मात्र ठरलेले: फर्स्ट ओनर, कमी किलोमीटर, शोरूम कंडिशन. मालक कसा होता, याबद्दल अक्षर नाही.

प्रश्न इथेच उभा राहतो. दुसऱ्यानं भोगलेली वस्तू घेताना माणूस नेमकं काय घेतो? वस्तूबरोबर तिचं संचितही घरात येतं का? आणि येत असेल, तर ते लपवून वस्तू विकणाऱ्याच्या खात्यावर काय जमा होतं?

वापरलेल्या वस्तूबद्दल मराठी घरात दोन टोकांच्या भावना एकाच वेळी नांदतात. ताटातलं उष्टं दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही, हे पोराला अक्षरओळखीच्या आधी कळतं. आणि तेच पोर देवापुढून उचललेल्या नैवेद्याच्या वाटीसाठी हात पुढे करतं. दोन्ही उरलेलंच. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर या उरलेल्यावर, उच्छिष्टावर, आख्खं सूक्त आहे, आणि त्यात नामरूपासकट सगळं जग उच्छिष्टाच्या आधारानं टिकलं आहे असं म्हटलं आहे. यज्ञ झाल्यावर उरतं ते खाणारा दोषमुक्त होतो, हा गीतेतला विचारही त्याच वाटेवरचा. म्हणजे उरलेपणात, वापरलेपणात मुळात विटाळ नाही. वस्तू कुणाकडून आली आणि मधल्या काळात तिच्याशी कोण कसं वागलं, यावर ती उष्टी की प्रसाद हे ठरतं. लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंचा दर वर्षी विसर्जनानंतर लिलाव होतो, तिथे हे डोळ्यांनी दिसतं. वस्तू राजाच्या पायाशी होती म्हणूनच बोली चढते. सिद्धिविनायकाच्या दारात गाडीची पूजा करणारे गुरुजीही कुंकवानं बॉनेटवर स्वस्तिक काढताना गाडी कितव्या मालकाची हे विचारत नाहीत.

मराठी माणसाच्या ओळखीची सगळ्यात प्रसिद्ध जुनी इटालियन गाडी शिवाजी पार्कवर घडलेल्या खेळाडूची होती. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरनं २९वं कसोटी शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली. फियाटनं त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला शर्यतपटू मायकेल शूमाखरच्या हातून ती त्याला मिळाली. गाडी भारतात आणताना आयात शुल्क निघालं १ कोटी १३ लाख रुपयांच्या घरात. केंद्र सरकारनं ते माफ केलं, त्यावरून देशभर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटनं भरली.

धर्मशास्त्रात दान घेण्याला ‘प्रतिग्रह’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि प्रतिग्रहाबद्दल स्मृतिकार फार सावध आहेत. दान घेणाऱ्यावर ओझं येतं, त्याचं तेज उणावतं, असं ते पुन्हापुन्हा बजावतात. फुकट आलेल्या वस्तूचंही देणं कुणाला तरी फेडावंच लागतं. त्या वेळी सचिनवर जीव टाकणाऱ्या कितीतरी लोकांना शुल्कमाफी खटकली, ती याच जाणिवेतून. गाडी देणाऱ्यानंच ते देणं चुकतं केलं, हा शेवट योग्य झाला.

पुढे २०११ मध्ये सचिननं ती फेरारी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. भेट विकावी का, म्हणून काही चाहते हळहळले. पण दोन माणसांची, मध्यभागी इंजिन असलेली, वेगासाठीच जन्मलेली गाडी मुंबईच्या रस्त्यावर ठेवून तिची सेवा होत नाही. दुसऱ्याच वर्षी राजेश मापुसकर या मराठी दिग्दर्शकाचा ‘फेरारी की सवारी’ आला. त्याचा नायक आरटीओतला पारशी कारकून, आणि सिग्नल तुटला म्हणून स्वतः पोलिसाला शोधून दंड भरणारा. सचिनची फेरारी आणि ‘पारशी-ओन्ड’ हा जुना विश्वास एका पडद्यावर यावेत, हे मुंबईच्या मनाला किती सहज पटलं!

मग वस्तूचं संचित राहतं तरी कुठे? याचं सगळ्यात नेमकं उत्तर न्याय-वैशेषिकांकडे मिळतं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार दिले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग तर गाडीचा धर्मच. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा मूळच्या आकारावर येते तो गुण. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली तरी आपणहून पुन्हा गुंडाळते, तसा. गाडीची स्प्रिंग, टायरचं रबर, सीटचा फोम यांत तो असतो आणि वर्षांबरोबर झिजत जातो. उरलेला प्रकार, भावना, म्हणजे अनुभवातून उरणारा आणि आठवणीला जन्म देणारा संस्कार. तो मात्र आत्म्यापाशीच राहतो, जड वस्तूत नाही.

या जुन्या वर्गीकरणात आजच्या बाजाराचा सगळा नीतिप्रश्न सापडतो. गाडीवर घाव उमटतो, पण तो कधी आणि कसा बसला हे गाडी सांगू शकत नाही. ती आठवण मालकाकडे असते. गाडी विकली आणि आठवण स्वतःपाशी ठेवली, तर अर्धीच वस्तू विकली आणि पैसे पूर्ण घेतले.

हिंदमाताला हे सगळ्यात स्वच्छ कळतं. दादर आणि परळ यांच्यामधला हा सखल चौक पावसाळ्यात तुंबायचा तो इतक्या नेमानं, की महापालिकेला प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं झेव्हियर्स मैदान यांच्याखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझच्या वेधशाळेनं ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि शहराच्या मोठ्या भागात गाड्या पाण्यात बसल्या. इटालियन स्पोर्ट्‌स कारचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतं. तिला गुडघाभर पाणीसुद्धा महापूरच. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, कातड्याला चकाकी आणून फोटोत नववधूसारखी दिसते. गालिचे बदलता येतात, वास घालवता येतो.

जाणते मेकॅनिक मग सीटबेल्ट धरतात. रोज लागतो तेवढा नाही. सावकाश, अडेपर्यंत, शेवटपर्यंत ओढतात. गुंडाळीच्या तळाशी असलेला तो वीतभर पट्टा कधी बाहेर आलेला नसतो, म्हणून कुणी धूत नाही. तिथे मातीची फिकट तपकिरी रेषा असली तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. मग सीटखालच्या रुळांवर गंज शोधायचा, काचा वर करून दहा मिनिटं आत शांत बसायचं आणि कुबट वास येतो का बघायचं. हे मोबाइलच्या पडद्यावरून होत नाही. त्यासाठी गाडीपाशी जावं लागतं.

दुसरी आठवण कागदात असते. ३६० मोडेनाच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदलावा लागतो, गाडी कमी चालली असली तरी. म्हणून त्या फेरारीच्या जाहिरातीतलं ‘कमी किलोमीटर’ हे निम्मंच सत्य. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती हे उरलेलं निम्मं. त्या काळातल्या फेरारींच्या आतल्या बटणांवरचा मऊ लेप काही वर्षांनी वितळल्यासारखा चिकट होतो. मुंबईच्या दमट हवेत बंद उभ्या गाडीत बसून एक बटण दाबलं की बोटाला तो चिकटा लागतो. मीटरचा आकडा मागे नेता येतो, बोटाला लागलेला चिकटा खोटं बोलत नाही.

कराचंही संचितच असतं. महागड्या गाड्या मुंबईत फिरवायच्या आणि कर वाचवायला नोंदणी पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी करायची, हा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि नंबर घ्यायला गेल्यावर इथला कर समोर येतो. फॉर्म ३० वर सही करणारा नवा मालक पहिल्याची चोरी आपल्या नावावर करून घेतो, बहुधा नकळत.

तुकोबांबद्दलची परंपरागत कथा इथे आठवते. देहूच्या या वाण्याच्या मुलानं, लोकांकडून येणं असलेली खतं आपल्या वाट्याची होती तेवढी इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. त्यांनी बुडवले ते स्वतःच्या हक्काचे कागद. आज विकणारा सर्व्हिसची फाइल ‘हरवली’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याच्या हक्काचा कागद बुडवतो. धन जोडू नये, असं तुकोबांनी संसारी माणसाला सांगितलं नाही. चांगल्या व्यवहारानं जोडावं आणि मन त्यात न गुंतवता खर्चावं, एवढीच त्यांची अट आहे. लाखो-कोटींच्या गाडीला ती अट जास्तच लागू होते.

अशी गाडी मुळात घ्यावीच का, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, त्यांतल्या असंख्य घरांचं होत्याचं नव्हतं झालं, आणि त्याच जमिनीवर आज ही पार्किंगं आहेत. जैन परंपरेनं याचं व्यवहारी उत्तर दिलं आहे. साधूसाठी पूर्ण अपरिग्रह, पण गृहस्थासाठी परिग्रहपरिमाण: किती वस्तू बाळगणार याची मर्यादा आपणच घालायची आणि पाळायची. मुंबईला इटालियन गाडीची ओळख करून देणारी, १९४४ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे कुर्ल्याला फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ज्यांनी उभारली, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद याच परंपरेतल्या घरात जन्मले होते. त्या कारखान्यातली पद्मिनी टॅक्सी होऊन शहराच्या कामी आली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं हजारो अनोळखी माणसांना वाहून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. तिच्याइतका वापर कुठल्या फेरारीचा झाला नसेल, आणि तिला उष्टी म्हणायची कुणाची छाती नाही.

दान, भोग आणि नाश या धनाच्या तीन गती भर्तृहरीनं सांगितल्या. आच्छादन घालून उभी ठेवलेली गाडी तिसऱ्या गतीला लागलेली असते. रबर कडक होतं, बॅटरी मरते, बेल्ट न फिरताच म्हातारा होतो. तिच्यापेक्षा दुसऱ्याच्या हाती गेलेली, रस्त्यावर आलेली गाडी बरी. जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही आणि विकण्यातही नाही.

गाडी विकायला काढणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. जाहिरातीत बॉनेटचा, चाकांचा, त्रिशूळाचा फोटो नंतर टाका. पहिला फोटो शेवटपर्यंत ओढून काढलेल्या सीटबेल्टचा टाका, दुसरा टायमिंग बेल्ट बदलल्याच्या पावतीचा.