सटवाईचा लेख आणि एक अक्षर

बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत आपल्याकडे अनेक घरांत अजून आहे. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याच्या जन्माचा लेख लिहून जाते, अशी श्रद्धा. पुढे दोन-तीन महिन्यांत एखादं बाळ तापाने फणफणतं, ताप हटत नाही, पानथरी वाढून पोट टणक होतं, रक्तातल्या पेशी भराभर कमी होतात. मग कुणीतरी पुटपुटतं, कुणाचं पाप भोगतंय लेकरू. या बोलण्यात कळवळा असतो, हे खरं. पण आरोपही असतो, आणि तो बहुतेक वेळा आईच्याच माथी येतो. विज्ञानाने हा आरोप खोडून काढला आहे. माझं म्हणणं असं की, कर्मसिद्धान्त मनापासून मानणाऱ्यानेही तो मागे घ्यायला हवा.

या आजाराचं एक कारण परफोरिन नावाच्या प्रथिनाशी जाऊन पोचतं. शरीरातल्या मारक पेशींमध्ये बारीक कणिका असतात, त्यांत ते साठवलेलं असतं. विषाणूने ग्रासलेली पेशी भेटली की मारक पेशी तिला चिकटते, कणिका त्या बाजूला सरकतात आणि नेमक्या त्या सांध्यात रित्या होतात. परफोरिनचे रेणू एकमेकांना जोडून कडं करतात, समोरच्या पेशीच्या आवरणाला भोक पाडतात, त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरतात आणि ती पेशी मरते. परफोरिनच नसेल तर ती मरत नाही, आणि मारक पेशीची झुंजही संपत नाही. ती इतरांना चेतवत राहते, आणि चेतलेल्या भक्षक पेशी अखेर शरीराच्याच रक्तपेशी गिळू लागतात. या प्रथिनाचं मानवी जनुक १९८८ मध्ये वेगळं काढून त्याच्या प्रती केल्या गेल्या. जनुकाचं क्लोनिंग म्हणतात ते हेच. पुढे त्याची जागाही ठरली, १० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर. १९९९ मध्ये त्यातले दोष या बालरोगाशी जोडले गेले. त्यांपैकी एका दोषात जनुकातल्या एका ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’ पडतो, आणि ५५५ अमिनो आम्लांची साखळी ३७४ व्या जागेवरच तुटते.

सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून आली, तरच हा आजार होतो. ते दोघे मात्र धडधाकट असतात, कारण प्रत्येकाजवळ दुसरी चांगली प्रत असते. दर गरोदरपणात शक्यता चारांत एक. आईने ग्रहणात सुरी हातात धरली का, कुठलं व्रत मोडलं का, याचा या हिशेबात कुठे संबंधच येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, हे खरं; पण जी गोष्ट ठाऊकच नव्हती, तिचा दोष कुणाला देणार? ठाऊक झाल्यावर पुढच्या गरोदरपणाआधी तपासणी करून घेणं, ही जबाबदारी मात्र खरी.

कुणी म्हणेल, चारांत एक हे कळलं, पण त्या चारांत हेच बाळ का? हा आक्षेप वजनदार आहे आणि विज्ञानाकडे त्याचं उत्तर नाही. कर्म तरी उत्तर देतं, असं वाटतं. पण देतं का? कुठल्या कर्माचं हे फळ, ते सांगणाऱ्यालाही दाखवता येत नाही. संचित कुणी पाहिलेलं नाही, प्रारब्ध भोगल्यावरच कळतं. हातात उरतं ते क्रियमाण. म्हणजे हा सिद्धान्त माणसाला विचारतो, आता तू काय करणार? दुसऱ्याच्या लेकराचा निवाडा करण्याचा अधिकार तो कुणाला देत नाही. आजारी बाळाच्या उशाशी उच्चारलेलं ते वाक्य हेही बोलणाऱ्याचं क्रियमाणच आहे, आणि त्याचा हिशेब त्याच्याच नावावर पडतो.

दुसरा आक्षेप असा की, कपाळ जाऊन गुणसूत्र आलं, लेख तो लेखच. पण सटवाईचं लिहिणं कुणाला वाचता येत नाही. हे वाचता येतं, आणि काही अंशी त्यावर उपायही आहे. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाळाला देतात. त्या रुजल्या तर नवं रक्त दात्याच्या जनुकांनी घडतं आणि मारक पेशींच्या कणिकांत परफोरिन भरू लागतं. प्रत्यारोपणात धोका आहे, प्रत्येक बाळ त्यातून वाचतंच असं नाही. जे वाचतं, त्याच्या त्वचेत, केसांच्या मुळांत जुनं अक्षर जन्मभर तसंच राहतं. रक्तात मात्र दुसऱ्या कुणीतरी दिलेली धड प्रत वाहत असते.