कर्ता कोण?

धारवाडात नातवासाठी आम्ही रेडिओ-नियंत्रित विमानाचा स्वस्तातला संच घेतला. फोमचे पंख तयारच होते. मोटर, सर्व्हो व शेपटी तेवढी आम्ही बसविली. ‘आजोबांनी विमान केले,’ असे नातू सर्वांस सांगू लागला. आम्ही त्यास अडविले नाही. (सेवाकाळात दुसऱ्याच्या टिपणीवर सही करण्याची सवय, दुसरे काय!) १९०३ साली उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाचे इंजिनही चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने घडविले होते, ही सबब मनात तयार होती.

पहिल्याच उड्डाणात बॅटरी मागे सरकली, गुरुत्वमध्य ढळला आणि नाक वर करून विमान कोसळले. ‘संचच हलक्या प्रतीचा,’ आम्ही तत्काळ म्हणालो. श्रेयास आम्ही कर्ते आणि दोषास केवळ जोडणारे?

नातवाने बॅटरीचा सैल पट्टा उचलून पाहिला. तो आम्हीच बांधला होता.