हक्क आणि दाद

मावळात जमिनीचा सौदा अडला, की मध्यस्थ खातेदाराला हटकून सांगतो, की संपत्तीचा हक्क १९७८ सालीच बुडाला, उद्या सरकारची नोटीस आली तर हाती कवडी लागणार नाही, सबब आजच खरेदीखत उरकून घ्यावे. एका अंगाला संरक्षित किल्ला आणि दुसऱ्या अंगाला पवना धरणाचे पाणी असलेल्या लोहगडवाडीसारख्या गावी या बतावणीचा धाक विशेष बसतो. आणि खेदाची गोष्ट ही, की सुशिक्षितही तिला मान डोलावतात.

हक्क सनदेत लिहिला जाणे निराळे आणि त्याची दाद लागणे निराळे, हे ज्या अमेरिकेने जगाला लेखी हक्कांचा नमुना दिला तिलाही अनुभवानेच कळले. न्याय्य मोबदल्यावाचून खासगी मालमत्ता घेऊ नये, असे तेथील पाचव्या दुरुस्तीने १७९१ सालीच बजावले होते. परंतु बाल्टिमोर शहराच्या कामांमुळे ज्याचा धक्का गाळाने भरून निकामी झाला, त्या बॅरन नावाच्या मालकाला सरन्यायाधीश मार्शल यांनी १८३३ साली विन्मुख धाडले, कारण ते बंधन केवळ संघ सरकारवर होते, राज्यांवर नव्हे. राज्यांना ते लागू व्हायला १८९७ साल उजाडावे लागले.

आपल्याकडील १८९४ चा भूसंपादन कायदा आणि सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह वाचकांस परिचित आहेत. गैरसमज आहे तो पुढच्या टप्प्याविषयी. मोबदला पुरेसा आहे की नाही, हे तपासण्याचा न्यायालयांचा अधिकार १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीनेच काढून घेतला आणि १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने उरलेसुरलेही पोखरले. म्हणजे जे दुष्कृत्य आपण १९७८ च्या माथी मारतो, ते त्यापूर्वीच पार पडले होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून उचलून कलम ३००अ मध्ये ठेवला. तिने खरोखर हिरावली ती, ज्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले, त्याच्या आधारे या हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट. उच्च न्यायालयाची वाट मोकळीच राहिली. शिवाय, कमाल मर्यादेतील स्वतः कसलेली जमीन सरकारने घ्यायची तर संबंधित कायद्याने बाजारभावाहून कमी मोबदला ठरवता कामा नये, असे १९६४ साली कलम ३१अ मध्ये घातलेले परंतुक आजही शाबूत आहे. लहान शेतकऱ्यासाठी घातलेले हे कवच त्याच्याच कानी कोणी घातले नाही, हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

याच मावळात पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्यांचे म्हणणे दरबारी ऐकले जात नाही, ते महामार्गावर उतरतात. परंतु ऐकून घेतले जाणे हाही हक्कच आहे: सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि न्याय्य मोबदला ही कलम ३००अ चीच अंगे आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात दिला आहे. तेव्हा नोटीस हाती पडताच खातेदाराने मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, सुनावणी मागावी आणि हरकतीच्या प्रतीवर पोच घेतल्यावाचून कचेरीबाहेर पडू नये.