शेपूट कुणाची?

मोराचा पिसारा कितीही मोठा असला तरी त्याच्या शेपटीचं हाड जेमतेमच असतं. कोंबडी साफ करताना मागे जो मांसल बोंडा हाताला लागतो, त्यात शेवटचे मणके जुळून एकच चपटं हाड झालेलं असतं. पक्ष्याची शेपूट म्हणजे एवढीच, यावर १८६१ पर्यंत कुणाला शंका नव्हती.

त्या वर्षी बव्हेरियात, सोल्नहोफेनच्या परिसरातल्या चुनखडीच्या खाणीत एक सांगाडा सापडला. शिळाछापाला लागणारा, अतिशय बारीक कणांचा हा दगड. पंधरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, इथे उथळ उष्ण समुद्र होता. त्यातल्या खाजणांच्या तळाशी खारट, निश्चल पाणी असे. मेलेलं जनावर तिथे गाळात रुतलं की त्याला फारसं कुणी खायला येत नसे. म्हणूनच या शिळेवर पिसंसुद्धा उमटली होती. आणि मागे वीसहून अधिक सुट्या मणक्यांची लांब शेपूट, मणक्यामागून मणक्याला पिसांची जोडी! हा आर्किऑप्टेरिक्स. पापेनहाइमचे डॉक्टर हेबरलाइन यांच्याकडून ब्रिटिश म्युझियमने १८६२ मध्ये इतर जीवाश्मांसह तो ७०० पौंडांना घेतला.

म्युनिकचे प्राणिशास्त्रज्ञ आंद्रेआस वाग्नर यांनी तर नमुना न पाहताच, ऐकीव वर्णनावरून, हा सरपटणारा प्राणी असल्याचा निकाल दिला होता. उत्क्रांती मानणाऱ्या डार्विनवाल्यांच्या हाती कोलीत जाऊ नये ही खरी काळजी. डार्विनचे विरोधक रिचर्ड ओवेन यांनी मात्र दगड नीट पाहिला. हा पक्षीच, असं सांगून त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली: आजच्या पक्ष्याच्या शेपटीतले मणकेही अंड्यात असताना सुटेच असतात. माझ्या मते त्या वादातला हा सर्वांत बिनतोड मुद्दा, आणि तो कामी आला प्रतिपक्षाच्या. डार्विननेही उत्क्रांतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८६६ च्या आवृत्तीत या शेपटीचा उल्लेख केला.

पुढे डार्विनचा पाठीराखा हक्स्ले याने पक्ष्यांचं नातं डायनोसॉरशी जोडलं. १९२६ मध्ये अभ्यासक हाइलमान यांनी, डायनोसॉरना पक्ष्यांसारखी हासळीची हाडं नसतात या समजुतीवर, ते नाकारलं; आणि तो विषय जवळजवळ चाळीस वर्षं थंड पडला. जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस हा डायनोसॉर अभ्यासला तेव्हा कुठे तो पुन्हा तापला. १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमधून पिसासारखं आवरण असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनोसॉर पुढे आला, तोही लांब शेपटीचा. मग प्रश्नच उलटला. पक्ष्याला अशी शेपूट कशी, हे विचारण्यात अर्थ उरला नाही. ती वाडवडिलांकडूनच आली होती. विचारायचं ते हे, की बाकीच्यांची गेली कशी?

आधी लांब, मग हळूहळू आखूड, असं उत्तर सोपं वाटतं. पण लिआओनिंगमध्येच बारा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आर्किऑप्टेरिक्सनंतर तीन कोटी वर्षांनी, जेहोलॉर्निस नावाचा पक्षी त्याच्याहूनही लांब हाडाची शेपूट घेऊन मजेत बिया खात होता. त्याच प्रदेशातला कन्फ्युशिअसॉर्निस मात्र जुळलेल्या मणक्यांचा. आणि २०२५ मध्ये जाहीर झालेला चीनमधलाच बामिनॉर्निस: वय सुमारे १४.९ कोटी वर्षं, आर्किऑप्टेरिक्सच्या बरोबरीचं, तरी शेपूट आखूड. म्हणजे लांब आणि आखूड शेपट्या बराच काळ सोबतच नांदल्या; आणि लांब शेपटीलाही काम असावं. जेहोलॉर्निसच्या शेपटीच्या बुडाशी पिसांचा एक पंखा होता, टोकाला दुसरा झुबका. यातला निदान एक तरी, काही अभ्यासकांच्या मते, निव्वळ मिरवण्यासाठी.